हैदराबादेत आरा झाडाकडे का जात नाही?

हैदराबादेत वादळाने गुलमोहर आडवा झाला की प्रथम बोलावणे जाते ते साखळी करवत चालवणाऱ्याला. अमेरिकेत फिरती आरा गिरणीच ट्रेलरवरून झाडापाशी येते. ओंडका जागीच राहतो आणि पाते त्यावरून सरकत फळ्या काढते. आपल्याकडे विनापरवाना आरा गिरण्या बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये दिला. परवाना ठरावीक जागेचाच असतो. म्हणून ओंडक्यालाच गिरणीची वाट धरावी लागते, आणि भाडे परवडले नाही तर चांगले लाकूडही सरपणात जाते.

करवतवाल्याचे काम दिसते तितके सोपे नाही. पडलेल्या झाडातील ताण कायम असतो. दबलेल्या बाजूने कापल्यास पाते अडकते, ताणलेल्या बाजूने घाई केल्यास फांदी उसळते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर करवतच अंगावर येते. उभ्या झाडासाठी तेलंगणात २००२ च्या ‘वाल्टा’ कायद्याखाली परवानगी लागते, जशी गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली. ती मालकाने घ्यायची. मात्र कागद येईपर्यंत मजुरी बुडते ती करवतवाल्याची.