मते मोजली, मतदार अज्ञातच

पानिपत हे नाव मराठी मनात १७६१ च्या पुढे सहसा सरकत नाही. पक्षांतर्गत लोकशाहीचा विचार करणाऱ्याने मात्र या जिल्ह्याकडे वेगळ्या कारणासाठी पाहावे.

काँग्रेसच्या घटनेनुसार प्रत्येक ब्लॉक समिती गुप्त मतदानाने एक प्रदेश प्रतिनिधी निवडते आणि हे प्रतिनिधी पक्षाध्यक्ष निवडतात. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी असे मतदान झाले. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७, तर शशी थरूर यांना १,०७२ मते पडली. ४१६ बाद ठरली. हरियाणात त्या वेळी जिल्हा पातळीवरील संघटनाच अस्तित्वात नव्हती. पानिपतसह राज्याला जिल्हाध्यक्ष मिळाले ते ऑगस्ट २०२५ मध्ये, अकरा वर्षांच्या खंडानंतर, आणि तेही नेमणुकीने. जेथे तळमजलाच नाही, तेथील प्रतिनिधीचे नाव वरूनच येणार. अशा मतदाराची प्रेरणा शोधायची तर ती उमेदवाराच्या जाहीरनाम्यात नव्हे, प्रतिनिधीचे नाव सुचविणाऱ्या नेत्याच्या कलात शोधावी लागेल. हरियाणातील तो कल उघड होता: भूपिंदरसिंह हुड्डा खर्गे यांचे एक सूचक होते आणि दीपेंदर हुड्डा यांनी खर्गे यांच्या प्रचारासाठी प्रवक्तेपद सोडले होते.

हे नवे नाही. १९९७ मध्ये सीताराम केसरी यांच्या ६,२२४ मतांपुढे शरद पवार यांच्यासारख्या कसलेल्या संघटकाला ८८२ मते मिळाली. परंतु १९३९ मध्ये गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभि सीतारामय्या यांना १,३७७, तर सुभाषबाबूंना १,५८० मते पडली होती. तेव्हाच्या प्रतिनिधीमागे चार आणे वर्गणी भरणारा सभासद उभा होता.

अमेरिकेत २०२० च्या साउथ कॅरोलायना प्राथमिक निवडणुकीतील डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, हे मतदानोत्तर पाहणीमुळे त्याच रात्री कळले. खासदार जेम्स क्लायबर्न यांनी बायडेन यांना दिलेला पाठिंबा किती जणांना महत्त्वाचा वाटला, हेही कळले. आपल्याकडे प्रतिनिधींचे वय, लिंग, जात, व्यवसाय यांविषयी काहीच प्रसिद्ध होत नाही. मोजणीपूर्वी सर्व राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळल्या गेल्या. ते योग्यच होते. थरूर यांना मत देणाऱ्याला आपल्याच नेत्यापासून संरक्षण हवे होते.

मत गुप्त राहावे, मतदार मात्र नको. पन्नाशीखालील व्यक्तींना निम्मी पदे देण्याचा संकल्प पक्षाने मे २०२२ मध्ये उदयपूरला केला. पानिपतच्या प्रतिनिधींचे वय आणि त्यांना निवडणाऱ्या ब्लॉक समितीचे इतिवृत्त, एवढे दोन कागद पुढील निवडणुकीपूर्वी प्रसिद्ध झाले, तर त्या संकल्पाची पडताळणी घरबसल्या करता येईल.