घरची पवनचक्की (लेखांक ६) : पाण्याला वाट ठेवा

गेल्या आठवड्यात चुंबकांच्या तबकड्या आणि तांब्याच्या गुंडाळ्यांची जुळणी झाली. आता हे सगळं बारा महिने उघड्यावर राहणार, म्हटल्यावर पहिली आठवण होते ती डब्याची. पत्र्याचं झाकण, कडेनं सिलिकॉन, की झालं! माझ्या मते यासारखा वाईट उपाय नाही. दिवसा तापलेली हवा फटींतून बाहेर जाते, रात्री गार होताना दमट हवा आत ओढली जाते, आणि दव आतच साचतं. त्या पाण्याला बाहेर पडायला जागा नसते. गुंडाळ्यांची उष्णता कोंडते ती वेगळीच.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोराइग नावाचं भूशिर आहे. तिथे रस्ता नाही, विजेची लाइन नाही. जायचं ते होडीनं नाहीतर पायी. ह्यू पिगॉट १९७० च्या दशकापासून तिथे घरगुती पवनचक्क्या बांधत आले. खारा वारा आणि सततचा पाऊस यांत तयार झालेल्या त्यांच्या आराखड्यात जनित्राला डबाच नाही. चुंबकं आणि गुंडाळ्या थेट रेझिनमध्ये ओतून घट्ट केलेल्या. पाणी येतं, वाहून जातं, उरलंसुरलं वारा सुकवतो. आपणही हाच आराखडा धरला आहे.

चुंबकांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. निओडायमियम चुंबकात लोखंडच जास्त, आणि वरचा निकेलचा मुलामा अगदी पातळ. चुंबक हातातून निसटून लोखंडी तबकडीवर आपटलं की कोपऱ्याचा टवका उडतो आणि गंज तिथूनच शिरतो. गंजलेलं चुंबक फुगतं. चुंबक आणि गुंडाळ्या यांच्यात फट असते जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. फुगवटा घासू लागला की आधी रेझिन जातं, मग तांबं. म्हणून ओतकामाआधी प्रत्येक कोपरा नखानं चाचपा आणि टवका लागला तर ते चुंबक बाजूला काढा. साध्या पॉलिएस्टरपेक्षा व्हिनाइल एस्टर रेझिन पाण्यात जास्त टिकतं. फायबरच्या होड्या बांधणाऱ्या कारागिराला विचारलंत तर तो नीट सांगेल. रेझिनमध्ये टाल्कम पावडर मिसळली की ते घट्ट होताना कमी तापतं आणि तडे कमी जातात. (अंगाला लावायची सुवासिक चालते का? चालते, फक्त मक्याच्या स्टार्चची नको.) घर समुद्राकाठी असेल तर फेराइट चुंबकांचा विचार जरूर करा. ती गंजत नाहीत. पण तेवढ्याच विजेसाठी बरीच जास्त आणि जड लागतात.

वायरींचं काम सोपं आहे. जोड वर उघडा ठेवू नका, वायर खालच्या बाजूनं आत घ्या आणि शिरण्याआधी तिला थोडा झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. जिथे पाणी साचेल अशा प्रत्येक पोकळीच्या तळाला भोक पाडा.

आता पाती. वारा ताशी ३६ किलोमीटर असला तर पात्याचं टोक त्याच्या सात पट, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरनं फिरतं. त्या वेगात पावसाचा थेंब खड्यासारखा लागतो आणि लाकडाची पुढची कड खाल्ली जाते. एका पात्यात पाणी मुरलं तर तोल बिघडून सगळा खांब थरथरतो. लाकूड कोरडं असताना जवसाचं तेल पाजा, ते पुरतं वाळल्यावर रंग द्या, पुढच्या कडेला पॉलियुरेथेनची टेप लावा. दरवर्षी मे महिन्यात हे सगळं तपासायचं, कारण आपल्याकडे पाऊस आणि जोराचा वारा हातात हात घालूनच येतात.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. शेपूट दुमडून चक्की वाऱ्याला तिरकी होते ती यासाठीच. पण ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलेल्या ‘निसर्ग’सारख्या वादळात शेपटीच्या भरवशावर राहू नये. चक्रीवादळाचा इशारा आधी मिळतो. तो मिळताच, वारा मंद असतानाच, जनित्राच्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडून चक्की थांबवा. वारा भरात आल्यावर जोडल्यात तर ती थांबेलच असं नाही, उलट गुंडाळ्या जळायच्या. मग ताण सैल करत खांब आडवा घ्या, पाती जमिनीला टेकणार नाहीत असा खाली ओंडका द्या आणि ती दोरीनं पक्की बांधा.