घरचा सॉना: दोन वापरांमधली निगा

सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या फिनलंडमध्ये अंदाजे ३० लाख सॉना, म्हणजे शेगडीवरच्या तापलेल्या दगडांवर पाणी ओतून घाम काढायच्या खोल्या, आहेत. तळ्याकाठच्या लाकडी घरात सॉना असतो, तसाच शहरी फ्लॅटच्या न्हाणीघराला लागूनही असतो. २०२० मध्ये युनेस्कोने या सॉना-संस्कृतीचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. नोकरीसाठी हेलसिंकी किंवा एस्पोला गेलेल्या मराठी कुटुंबालाही भाड्याच्या घरात तो मिळू शकतो. सॉना घ्यायचा कसा, हे शेजारीपाजारी हौसेने शिकवतात. त्यानंतरची निगा मात्र गैरसमजांवर चालते.

गैरसमज : एवढ्या उष्णतेत जंतू मरतातच, मग साफसफाई कशाला?

वस्तुस्थिती : ८० ते ९० अंश सेल्सिअस हे तापमान वरच्या बाकाजवळचं असतं. गरम हवा वर चढते, त्यामुळे जमिनीलगत त्याच वेळी बरंच कमी तापमान असतं. पाणी आणि घाम खाली उतरतात आणि बुरशी धरते ती तिथेच, बाकांखाली आणि फळ्यांच्या खालच्या अंगाला. बाकांवर घाम मुरून काळपट डाग पडतात ते वेगळेच. म्हणून बसताना खाली टॉवेल हवाच. बाक अधूनमधून सौम्य साबण आणि मऊ ब्रशने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासून स्वच्छ पाण्याने धुवावेत. ब्लीच किंवा जोरदार फवाऱ्याचं यंत्र वापरू नये. त्याने लाकडाचे तंतू उसवतात.

गैरसमज : अंघोळ झाली की दार लावून घ्यावं, आतल्या उष्णतेने सगळं आपोआप वाळतं.

वस्तुस्थिती : उष्णतेने पाण्याची वाफ होते. ती बाहेर गेली नाही, तर गार होऊन पुन्हा लाकडावरच बसते. म्हणून झरोका उघडावा, दार किलकिलं ठेवावं, जमिनीवरच्या फळ्या उचलून उभ्या कराव्यात. विजेची शेगडी असेल तर ती आणखी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवावी, पण घरात कुणीतरी जागं असतानाच. मुंबई किंवा कोकणातल्या घरी सॉना असेल, तर पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते. तिथे नुसतं दार उघडून भागत नाही. शेगडीची ही जादा ऊब आणि एक्झॉस्ट पंखा दोन्ही लागतात.

गैरसमज : वॉर्निश मारलं की लाकूड टिकतं.

वस्तुस्थिती : सागवानी कपाटाला जे मानवतं ते सॉनाच्या बाकांना मानवत नाही. तापल्यावर वॉर्निशचा उग्र वास सुटतो, पृष्ठभाग चटके देतो आणि पुढे पापुद्रे निघतात. बाक पूर्ण वाळल्यावर वर्षातून एक-दोनदा सॉनासाठी मिळणारं पॅराफिन तेल पातळ लावावं आणि जादा तेल पुसून घ्यावं. जुने डाग पॉलिशपेपरने हलके घासून काढावेत.

गैरसमज : शेगडीवरचे दगड कधीच बदलायला लागत नाहीत.

वस्तुस्थिती : लागतात. तापलेल्या दगडावर पुन्हा पुन्हा पाणी पडलं की तो आतून तडकतो आणि भुगा होऊ लागतो. हा भुगा फटींत बसला की हवा खेळत नाही आणि विजेच्या शेगडीची कॉइल प्रमाणाबाहेर तापते. वर्षातून एकदा, शेगडी पूर्ण गार असताना सगळे दगड काढावेत, ठिसूळ झालेले टाकून द्यावेत आणि उरलेले सैल रचावेत. नवे दगड पेरिडोटाइट किंवा ऑलिव्हिन डायबेससारखे सॉनासाठीचेच घ्यावेत. नदीतला कुठलाही गोटा तापून फुटू शकतो. दगडांवर खारं किंवा क्लोरीनयुक्त पाणी ओतू नये, धातू गंजतो. बोअरच्या जड पाण्याने क्षारांचे थर बसतात.

गैरसमज : वापरात नसताना सॉनात कपडे वाळत घालायला काय हरकत?

वस्तुस्थिती : ही सगळ्यात धोक्याची सवय आहे. शेगडीवर टांगलेले कपडे खाली पडून लागलेल्या आगी फिनलंडला चांगल्याच परिचित आहेत. अडगळीची खोली झालेल्या सॉनाचं बटण चुकून फिरलं, तरीही तेच होतं. सॉना बराच काळ वापरणार नसाल तर त्याचा वीजपुरवठाच मुख्य पेटीतून बंद करा. लाकडावरची शेगडी असेल तर राख पूर्ण गार झाल्यावर काढून धातूच्या झाकणाच्या डब्यात भरा आणि धुराडं दरवर्षी जाणकाराकडून साफ करून घ्या.

सॉनाचं लाकूड वापराने सहसा खराब होत नाही, ओलं राहिल्याने होतं. तेव्हा प्रत्येक वापरानंतर तेवढी पंधरा-वीस मिनिटं त्याला द्या, आणि शेगडीवर कधीही, काहीही टांगू नका.