दिल्लीची बस कोणाच्या अखत्यारीत?

नवी दिल्ली - राजधानीतील सर्व शहरी बससेवा दिल्ली परिवहन महामंडळाच्या (डीटीसी) हाती सोपविण्याचा निर्णय दिल्ली मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२५ मध्ये घेतला. खासगी कंत्राटदारांच्या ‘क्लस्टर’ बसगाड्यांचे व्यवस्थापन त्यापूर्वी ‘डिम्ट्स’ या स्वतंत्र कंपनीकडे होते. हस्तांतरणासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली.

दिल्लीकरांना असे फेरबदल नवे नाहीत. १९४८ पासून या शहरातील सार्वजनिक बससेवेचा कारभार पाच वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. त्यापैकी १९७१ मधील बदल विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. महानगरपालिकेत विलीन झालेली परिवहन संस्था त्या वर्षी बाहेर काढून पुन्हा स्वतंत्र करण्यात आली. बेस्ट, पीएमपी आणि एसटी यांच्या भवितव्याची चर्चा गेली काही वर्षे ऐकणाऱ्या मराठी वाचकाला हा जुना प्रयोग परका वाटणार नाही.

प्राधिकरण, उपक्रम, महामंडळ

स्वातंत्र्याच्या वेळी दिल्लीतील बस चालविण्याचा परवाना ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्स्पोर्ट या खासगी कंपनीकडे होता. फाळणीनंतर निर्वासितांच्या आगमनाने शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि कंपनीची सेवा अपुरी पडू लागली. मे १९४८ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने ती आपल्या ताब्यात घेतली व तिला ‘दिल्ली ट्रान्स्पोर्ट सर्व्हिस’ असे नाव दिले. मंत्रालयाने थेट बस चालविणे ही तात्पुरती सोय होती. १९५० मध्ये कायद्यान्वये दिल्ली रस्ते परिवहन प्राधिकरण स्थापन झाले आणि बससेवेला प्रथमच स्वतःचे वैधानिक अस्तित्व लाभले.

ते आठ वर्षे टिकले. संसदेने १९५७ मध्ये दिल्ली महानगरपालिका कायदा संमत केला. एप्रिल १९५८ मध्ये महापालिका अस्तित्वात आली, तेव्हा वीज, पाणी आणि बस ही तिन्ही कामे तिच्याकडे सोपविण्यात आली. प्राधिकरणाचे रूपांतर ‘दिल्ली ट्रान्स्पोर्ट अंडरटेकिंग’ म्हणजे पालिकेच्या परिवहन उपक्रमात झाले. त्यासाठी पालिकेची एक वैधानिक परिवहन समिती आणि एक महाव्यवस्थापक अशी रचना होती. मुंबईची बेस्ट १९४७ पासून ज्या चौकटीत काम करीत आली, तिच्याशी ही रचना बरीच मिळतीजुळती होती.

येथे भाषेविषयी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. हिंदीत पालिका ‘नगर निगम’ आणि बस चालविणारी संस्था ‘परिवहन निगम’. इंग्रजीतही दोघांना एकच शब्द. मराठीने मात्र ‘महानगरपालिका’ आणि ‘महामंडळ’ असे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. दिल्लीतील या विषयावरील कागदपत्रांचे मराठी भाषांतर करताना ‘निगम’ म्हणजे नेमके कोण, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते. १९५८ ते १९७१ या काळापुरता हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेव्हा दोन्ही एकच होते.

१९७१ चा निर्णय

पालिकेच्या ताब्यातील बससेवेचा अनुभव समाधानकारक ठरला नाही. नियोजन आयोगाच्या कार्यगटाने उपक्रमाच्या कामाची तपासणी केली. सेवा अकार्यक्षम व अपुरी असल्याचा आणि उत्पन्नातील गळती व अवाजवी चालनखर्च ही त्याची मुख्य कारणे असल्याचा निष्कर्ष या गटाने काढला. त्याच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने पालिकेकडून व्यवस्थापन काढून घेतले. दिल्ली रस्ते परिवहन कायदे (दुरुस्ती) अधिनियम, १९७१ संमत झाला आणि ३ नोव्हेंबर १९७१ पासून दिल्ली परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. उपक्रमाची मालमत्ता आणि देणी दोन्ही त्याच्याकडे आली.

देण्यांसोबत जुने नियमही आले, ही बाब सहसा सांगितली जात नाही. कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती ठरविणारे विनियम मूळ प्राधिकरणाने १९५२ मध्ये केले होते. पालिकेच्या काळातून ते जसेच्या तसे महामंडळापर्यंत पोहोचले. त्यातील ९(ब) या विनियमानुसार कायम कर्मचाऱ्यालाही एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन देऊन, कोणतेही कारण न सांगता कामावरून काढता येत असे. १९८५ मध्ये काही कर्मचाऱ्यांना याच तरतुदीखाली काढण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सप्टेंबर १९९० मध्ये बहुमताने ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. ‘दिल्ली परिवहन महामंडळ विरुद्ध डीटीसी मजदूर काँग्रेस’ हा निकाल आजही देशभरातील सेवाविषयक दाव्यांत आधार म्हणून घेतला जातो. संस्थेचे नाव आणि मालक बदलले, तरी वाहक-चालकाच्या नोकरीवरील टांगती तलवार ३८ वर्षे तशीच होती.

कायदा काय सांगतो?

डीटीसी ज्या रस्ते परिवहन महामंडळ कायदा, १९५० अन्वये चालते, त्याच कायद्याखाली आपली एसटीही येते. या कायद्यातील तीन कलमे एकत्र वाचली, म्हणजे अशा संस्थेच्या स्वातंत्र्याची मर्यादा ध्यानात येते. कलम १८ नुसार कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. कलम २२ नुसार त्याने व्यावसायिक तत्त्वांवर कारभार करावयाचा आहे. आणि कलम ३४ नुसार सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकते. भरती, वेतन, सेवाशर्ती, राखीव निधी हे विषयही त्यातून सुटलेले नाहीत.

पुरेशी सेवा द्यायची, ती व्यवसाय म्हणून चालवायची आणि आदेश मात्र सरकारचा पाळायचा, असा हा त्रिकोण आहे. १९७१ मध्ये डीटीसी पालिकेच्या राजकारणातून सुटली. तिजोरीची किल्ली मात्र तिच्या हाती आली नाही. ती पालिकेकडून केंद्राकडे गेली. दिल्लीत १९९३ मध्ये विधानसभा आली, तरी बस केंद्राकडेच होती. ५ ऑगस्ट १९९६ रोजी ती दिल्ली सरकारकडे सोपविण्यात आली.

या दरम्यान रस्त्यावर बरेच काही घडले. रिंग रोडवरून शहराला वळसा घालणारी ‘मुद्रिका’ दिल्लीच्या नित्याच्या बोलण्यात रुजली. १९९२ मध्ये खासगी ‘रेडलाइन’ बसगाड्यांना परवाने देण्यात आले. प्रवाशांसाठी त्यांची आपापसात शर्यत लागे आणि अपघातांमुळे त्या इतक्या कुप्रसिद्ध झाल्या, की पुढे रंग बदलून त्यांना ‘ब्लूलाइन’ करण्यात आले. रंग बदलल्याने शर्यत थांबली नाही. तिकिटाच्या गल्ल्यावर ज्याची कमाई अवलंबून, तो पुढच्या थांब्यावर आधी पोहोचण्याचा प्रयत्न करणारच. २०११ मध्ये सुरू झालेल्या क्लस्टर योजनेत कंत्राटदाराला धावलेल्या किलोमीटरनुसार मोबदला देण्याची पद्धत स्वीकारली गेली, ती याच अनुभवातून. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै १९९८ च्या आदेशाने दिल्लीच्या संपूर्ण बसताफ्याला सीएनजीवर यावे लागले होते. एवढा मोठा निर्णयही संस्थेच्या संचालक मंडळाबाहेर झाला होता.

पाच रुपयांचे तिकीट

स्वायत्ततेची खरी कसोटी भाड्याच्या प्रश्नावर लागते. डीटीसीचे भाडे नोव्हेंबर २००९ मध्ये वाढले. तेव्हा साध्या बसचे किमान भाडे ५ रुपये आणि वातानुकूलित बसचे १० रुपये झाले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा (कॅग) डीटीसीविषयीचा अहवाल मार्च २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडण्यात आला. २००९ नंतर भाड्यात वाढ झालेली नसल्याचे त्यातही नमूद आहे.

याच अहवालातील इतर आकडे गंभीर आहेत. महामंडळाचा संचित तोटा २०१५-१६ मधील सुमारे २५ हजार ३०० कोटी रुपयांवरून २०२१-२२ मध्ये ६० हजार ७०० कोटींच्या वर गेला. ताफा ४,३४४ बसगाड्यांवरून मार्च २०२३ अखेर ३,९३७ वर आला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००७ मधील निर्देशानंतर शहरासाठी ११ हजार बसगाड्यांचे उद्दिष्ट ठरले होते आणि त्यापैकी ५,५०० डीटीसीने चालवाव्यात, असे दिल्ली मंत्रिमंडळाने २०१२ मध्ये निश्चित केले होते. तोट्याच्या आकड्याबाबत एक खुलासा आवश्यक आहे. त्यात सरकारनेच दिलेल्या कर्जावरील व्याजाचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे सरकार भाडे वाढू देत नाही, तूट भरून काढण्यासाठी कर्ज देते, त्यावर व्याज आकारते आणि मग ते व्याज संस्थेच्या अकार्यक्षमतेच्या खात्यात जमा होते. कॅगने दाखविलेले व्यवस्थापनातील दोष खरेच आहेत. सगळा तोटा त्यांच्याच माथी मारणे मात्र न्याय्य नाही.

२९ ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना मोफत प्रवासाची सवलत मिळाली. ‘गुलाबी तिकिटा’मागे सरकारने डीटीसीला १० रुपये देण्याची व्यवस्था करण्यात आली. घरकाम किंवा कारखान्यातील कामासाठी रोज दोन बस बदलणाऱ्या स्त्रीच्या मासिक खर्चात या सवलतीने किती फरक पडला असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ती चांगली की वाईट, हा येथे मुद्दा नाही. सामाजिक धोरणाची किंमत सरकारने संस्थेला रोख व वेळेवर मोजली, तर स्वायत्तता आणि सवलत दोन्ही एकत्र नांदू शकतात, एवढेच.

त्याच शहरात मेट्रोची स्थिती पाहावी. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनमध्ये केंद्र आणि दिल्ली सरकारची निम्मी-निम्मी भागीदारी आहे. २००२ च्या मेट्रो कायद्यानुसार भाडे ठरविण्यासाठी न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाते आणि तिची शिफारस मेट्रो प्रशासनावर बंधनकारक असते. २०१७ मध्ये मेट्रोचे भाडे मे आणि ऑक्टोबरमध्ये असे दोनदा वाढले. ऑक्टोबरच्या वाढीला दिल्ली सरकारने कडाडून विरोध केला, तरी ती लागू झाली. ऑगस्ट २०२५ मध्येही वाढ झाली. प्रवाशाला भाडेवाढ कधीच रुचत नाही आणि २०१७ मधील नाराजी अवाजवी नव्हती. पण एका संस्थेला भाड्यासाठी स्वतंत्र यंत्रणा कायद्यानेच दिली आहे आणि दुसरीला ती नाही, हा फरक उरतोच.

आणखी एक फरक भूगोलाचा आहे. उत्तर प्रदेश आणि हरियाणा यांनी वेढलेली दिल्ली प्रशासकीयदृष्ट्या एका बेटासारखी आहे. केंद्राची भागीदारी असलेली मेट्रो २००९ मध्ये नोएडाला आणि २०१० मध्ये गुडगावला (आताचे गुरुग्राम) पोहोचली. दिल्लीच्या बसला मात्र हद्द ओलांडताना शेजारच्या राज्याशी करार करावा लागतो. राहण्यास गाझियाबाद आणि कामाला दिल्ली, असे आयुष्य जगणाऱ्याला या बेटाचा किनारा रोज जाणवतो.

महाराष्ट्रात प्रवाह उलटा

दिल्लीने १९७१ मध्ये बस पालिकेतून बाहेर काढली. महाराष्ट्रातील अलीकडच्या मागण्या मात्र आत घेण्याच्या आहेत. जानेवारी २०१९ मध्ये बेस्ट कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. बेस्टचा अर्थसंकल्प मुंबई महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा, ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. २०२१-२२ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांनी राज्य शासनात विलीनीकरणासाठी अनेक महिने काम बंद ठेवले. राज्याच्या समितीने विलीनीकरणाविरुद्ध अहवाल दिला आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. या मागण्यांमागे स्वायत्ततेविषयीचा तिटकारा नव्हता. वेतन वेळेवर न मिळणाऱ्या संस्थेची स्वायत्तता कर्मचाऱ्याच्या काय कामाची, हा त्यांचा सवाल होता.

पुण्याने दिल्लीचीच वाट धरली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन पालिकांच्या परिवहन सेवा एकत्र करून २००७ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी स्थापन झाली. कंपनी स्वतंत्र असली, तरी तिची तूट या दोन्ही पालिका ६०:४० या प्रमाणात भरून काढतात. मुंबईत बेस्टचे किमान भाडे २०१९ मध्ये ५ रुपयांपर्यंत खाली आणले गेले आणि मे २०२५ मध्ये पुन्हा १० रुपये करण्यात आले. पालिकेच्या चौकटीतही भाडे बदलू शकते, हे त्यावरून दिसते.

दिल्लीतील ताज्या निर्णयाने बसमार्ग, वेळापत्रक आणि थांबे एकाच संस्थेकडे येण्याची सोय होते. एकाच रस्त्यावर डीटीसी आणि क्लस्टर बस एकामागोमाग येणे आणि नंतर बराच वेळ काहीच न येणे, हा प्रकार त्यामुळे कमी होऊ शकतो. भाडे ठरविण्याच्या अधिकाराला, जुन्या कर्जाला किंवा कलम ३४ ला मात्र तो स्पर्श करीत नाही. क्लस्टर बसचे चालक कंत्राटदारांनी नेमलेले, तर वाहक डिम्ट्समार्फत आलेले होते. मालक बदलताना त्यांच्या सेवाशर्ती कोणत्या नियमांखाली येणार, हा प्रश्न हस्तांतरणाच्या निर्णयाबरोबरच पुढे आला.