निद्रेपूर्वींची नोंद

संगणकास निद्रा देण्यापूर्वीं त्याच्या स्मृतींतील नोंद डिस्कवर उतरवून घ्यावी कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु धाडसारख्या गांवीं, जेथें वीज अवचित जाणें कोणासहि नवें नाहीं, तेथें विद्यार्थ्याचे कित्येक तासांचे श्रम या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असूं शकतात. म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

बाजारांतील दुकानदार गर्दीच्या वेळीं उधारी पाटीवर टिपतो व सवडीनें ती खतावणींत उतरवितो. संगणकहि तसेंच करितो. आपण फाइल जतन केली म्हणजे ती प्रथम स्मृतींत, म्हणजे पाटीवर येते. डिस्कवर ती मागाहून उतरते. स्मृति शीघ्र व डिस्क मंद, म्हणून ही योजना. लिनक्स या कार्यप्रणालींत सामान्यतः दर 5 सेकंदांनीं पाहणी होते, आणि 30 सेकंदांहून जुनी झालेली नोंद डिस्ककडे धाडली जाते.

यंत्राचें झांकण मिटलें कीं डिस्क थांबते. स्मृतीस मात्र थोडी वीज मिळत राहते. पाटी पुसली जात नाहीं, पण ती उतरविणाराहि जागा नसतो. अशांत बॅटरी संपली कीं पाटी कोरी! यंत्र निजलें असतां कोणी पेन ड्राइव्ह उपसून नेला, तरीहि शेवटची नोंद त्यांत सांपडत नाहीं.

याकरितां लिनक्सचा गाभा निद्रेपूर्वीं सर्व नोंद उतरवून घेत असे. 2015 सालीं लेन ब्राउन यांनीं ही सक्ती काढून टाकण्याची सूचना केली. उतरविण्यास वेळ लागतो, आणि जें उपकरण वारंवार निजतें व जागें होतें त्यास हा विलंब जाचक होतो, असें त्यांचें म्हणणें. डेव्ह चिनर प्रभृति फाइल-व्यवस्थेच्या जाणकारांनीं हरकत घेतली. अखेर त्याच वर्षीं प्रणाली तयार करणारांस ही पायरी गाळण्याची मुभा मिळाली. आणि 2020 सालीं चालू यंत्रावरहि ती बंद करण्याची सोय झाली. कोणीं कांहीं न बदलल्यास मात्र नोंद उतरविण्याचीच रीत कायम राहिली.

कोणी म्हणेल, हानि झाली तरी शेवटच्या अर्ध्या मिनिटाचीच ना? आमचें उत्तर असें कीं, मनुष्य काम संपवून फाइल जतन करितो आणि लागलीच झांकण मिटतो. म्हणजे त्या अर्ध्या मिनिटांतच त्याचें सर्व मोल सांठविलेलें असतें. ज्याचें उपकरण क्षणोक्षणीं निजतें, त्यानें विचारपूर्वक ही पायरी गाळावी. इतरांसाठीं थोडा विलंब सोसणेंच श्रेयस्कर, असें आम्हांस वाटतें.

तथापि एक गोष्ट विद्यार्थिबंधूंनीं ध्यानांत ठेवावी. जो निबंध जतनच केला नाहीं, तो या पाटीवरहि चढलेला नसतो. यंत्रानें सर्व नोंद डिस्कवर उतरविली तरी त्याचें रक्षण होत नाहीं. यास्तव आधीं जतन करावें, मगच झांकण मिटावें.