प्रबळगड व प्रबळमाची
प्रबळगड व प्रबळमाची : महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील एक मध्ययुगीन डोंगरी किल्ला व त्याच्या माचीवरील वस्ती. पनवेल तालुक्यात, पनवेल शहराच्या पूर्वेस व माथेरानच्या पश्चिमेस हा डोंगर असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. ७०० मी. आहे. किल्ल्याचे जुने नाव ‘मुरंजन’ असे होते. उत्तरेकडील कलावंतीण हा सुळका व मुख्य डोंगर यांच्यामधील इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच पनवेलच्या बाजूने दुरूनही ओळखू येते.

डोंगराची घडण दख्खनच्या बेसाल्ट खडकाची आहे. लाव्हाचे थर आडवे पसरलेले असून त्यांतील कठीण थरांचे उभे कडे बनले. मऊ थर झिजून त्यांच्या जागी मध्येच सपाट पायऱ्या तयार झाल्या. अशी रुंद पायरी म्हणजेच माची. सह्याद्रीतील किल्ल्यांची रचना पुष्कळ अंशी या निसर्गदत्त घडणीवर बेतलेली आहे. माथ्यावर बालेकिल्ला, त्याखाली माची व पायथ्याच्या उतारावर मेटे म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या, असा तो क्रम होय. प्रबळगडास कातळकड्यांचेच संरक्षण एवढे आहे की, तटबंदीची गरज मोजक्याच ठिकाणी भासली असावी.

पनवेल हे खाडीवरील बंदर असून तेथे उतरणारा माल बोर घाटाने देशावर जाई. या मार्गावर व कल्याणच्या बाजूवर नजर ठेवण्याच्या दृष्टीने मुरंजनचे स्थान मोक्याचे होते. बहमनी सत्तेच्या उतरत्या काळात, सु. १४८५ च्या पुढेमागे, निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने घाटमाथ्यावरील व कोकणातील जे अनेक किल्ले घेतले, त्यांत मुरंजनची गणना होते. निजामशाहीच्या अखेरच्या झुंजीत, १६३६ मध्ये, शहाजीराजे मोगल व आदिलशाही फौजांपुढून माघार घेत मुरंजनच्या आश्रयास आले व तेथून माहुलीस गेले. तेथेच त्यांना तह करावा लागला. पुढे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर त्या मोहिमेच्या ओघात हा किल्ला मराठ्यांकडे आला व त्यास प्रबळगड हे नाव मिळाले. पुरंदरच्या तहात (१६६५) मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कर्नाळ्याबरोबर याचाही समावेश होता. मराठ्यांनी तो परत घेतला तेव्हा मोगलांचा राजपूत किल्लेदार केसरसिंह लढता लढता पडला, गडावरील स्त्रियांनी जोहार केला आणि त्याच्या मागे उरलेल्या मातेची व मुलांची महाराजांनी सन्मानाने पाठवणी केली, अशी हकीकत प्रचलित आहे. पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) किल्ला इंग्रजांकडे गेला. त्यापुढील दशकात उमाजी नाईकांनी काही काळ या डोंगराचा आश्रय घेतला होता.

गड आणि गाव यांचा संबंध मात्र युरोपातील किल्ल्यांहून येथे निराळा आहे. फ्रान्सच्या दक्षिण भागात आव्हेरों नदीवरील नाजाक येथे अरुंद डोंगरधारेवर एका टोकास किल्ला व त्यापुढे एकाच रस्त्याच्या दुतर्फा घरे अशी वसाहत आहे. तेथील किल्ला १२५३ मध्ये नवव्या लुईचा बंधू आल्फाँस याच्या आज्ञेने नव्याने उभारला गेला. किल्ला ओस पडला, तरी गाव टिकून राहिले. मराठी किल्ला मात्र राज्याचा असे. कोणा सरदार घराण्याच्या पिढीजात वास्तव्याचा तो वाडा नसे. हवालदार, सबनीस, कारखानीस हे वेतनी अधिकारी गड राखीत व घेऱ्यातील रामोशी, कोळी आदी लोक पहारे देत. वेतन थांबताच शिबंदी उठली व गड ओस पडले. प्रबळमाचीवर आजही जी वस्ती आहे, ती डोंगराच्या आधाराने राहणाऱ्या ठाकर या आदिवासी जमातीची आहे. शिमग्याला हे लोक कलावंतिणीच्या माथ्यावर जाऊन नाचतात. गडाशी जिवंत संबंध उरला आहे तो त्यांचाच, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

शेडुंग फाट्यावरून पायथ्याच्या ठाकूरवाडीस जाता येते. तेथून माचीपर्यंतची चढण सु. दीड ते दोन तासांची असून वाटेत कातळावर गणपती व मारुती कोरलेले आढळतात. माचीवरून एक वाट खिंडीकडे व तेथून खडकात खोदलेल्या उंच पायऱ्यांनी कलावंतिणीवर जाते. या पायऱ्यांस कठडा नाही. दुसरी वाट दगडधोंड्यांनी भरलेल्या घळीतून प्रबळगडाच्या माथ्यावर पोहोचते. माथा विस्तीर्ण व दाट झाडीचा असून गणेशमंदिर, पाण्याची टाकी व इमारतींची जोती शोधावी लागतात. इंग्रजांनी थंड हवेच्या ठिकाणासाठी प्रथम या डोंगराचा विचार केला होता. पण पाण्याच्या अभावी तो सोडून माथेरानची निवड झाली, असे सांगतात. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात बजावले आहे. माचीकरांना उन्हाळ्यात ही अडचण अद्याप सोसावी लागते.

अलीकडे गिर्यारोहकांच्या गर्दीमुळे जेवण व मुक्कामाची सोय करून माचीवरील कुटुंबांस उत्पन्न मिळू लागले आहे. त्याच गर्दीने वाटा झिजतात, कचरा साठतो व अपघातही होतात. म्हणून पावसाळ्यात वेळोवेळी प्रवेशबंदी करावी लागते. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा मराठा किल्ल्यांत प्रबळगड नाही.

डोंगरउतारावरील वस्तीचा धोका शेजारच्या इर्शाळगडाने दाखवून दिला. १९ जुलै २०२३ च्या रात्री अतिवृष्टीत त्या गडाच्या उतारावरील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत मोटाररस्ता नसल्याने यंत्रसामग्री वर नेता आली नाही. माती हाताने उपसावी लागली. प्रबळमाचीसही पायवाटेनेच जावे लागते.