प्रवेशाआधी प्रवासाचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी महाविद्यालयाची चर्चा सुरू होते. शाखा कोणती, शुल्क किती, शिकवणी कुठे, याचा बारकाईने विचार होतो. मूल रोज तेथे जाणार कसे आणि परतणार केव्हा, हा प्रश्न मात्र बहुधा प्रवेशाची पावती हाती पडल्यावर उपस्थित होतो. पेढीवर मालाची खरेदी करताना जो व्यापारी वाहतूक खर्च आधी विचारतो, तोच येथे तो हिशेब शेवटी मांडतो.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न गौण नाही. विस्तीर्ण जागा गावाबाहेरच मिळते, म्हणून नव्या शिक्षणसंस्था महामार्गाच्या कडेला उभ्या राहिल्या. नागेवाडीचे शासकीय तंत्रनिकेतन हे त्याचे परिचित उदाहरण. छत्रपती संभाजीनगर सुमारे 60 किलोमीटरवर असल्याने तेथे रोज ये-जा करणारे विद्यार्थीही आहेत. भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी येथील कुटुंबांना तर जालना शहर हाच पहिला मोठा टप्पा असतो.

सर्वांत विस्तृत साधन एस.टी. जिल्ह्यात जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद येथे आगारे आहेत. विद्यार्थ्यांच्या मासिक पासावर 66.67 टक्के सवलत मिळते. म्हणजे तीन रुपयांच्या प्रवासाला एक रुपया पडतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास विनामूल्य आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्याही आठवी ते बारावीच्या मुलींसाठीच धावतात. पास शाळा-महाविद्यालयातच देण्याची मोहीम महामंडळाने हाती घेतली, त्यामुळे आगारातील रांगेचा त्रास कमी झाला.

येथे एक गोष्ट पालकांच्या ध्यानात यावयास हवी. बारावी संपताच मुलीचा विनामूल्य प्रवास संपतो आणि नेमके त्याच वर्षी महाविद्यालय दूर जाते. अनेक घरांत शिक्षण तेथेच थांबते किंवा ‘बाहेरून परीक्षा दे’ असे ठरते. मार्कांनी मिळवलेली जागा बसच्या वेळेने हिरावली जाते. वस्तुतः पदवीच्या विद्यार्थिनीलाही मासिक पासाची सवलत आहेच. शिवाय 17 मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.चे अर्धे तिकीट आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवसच तासिका असतील, तर पासाची रक्कम आगारात विचारून अर्ध्या तिकिटाशी तुलना करावी.

दुसरे साधन रेल्वे. जालना, बदनापूर आणि परतूर ही गावे सिकंदराबाद-मनमाड मार्गावर आहेत. रेल्वेची एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते: घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत द्वितीय श्रेणीचा मासिक पास विनामूल्य मिळतो. संस्थेचे प्रमाणपत्र तेवढे लागते. इतर विद्यार्थ्यांना या पासात 50 टक्के सवलत आहे. म्हणजे बदनापूर किंवा परतूरची जी मुलगी बारावीनंतर एस.टी.चा विनामूल्य पास गमावते, तिला रेल्वे तो पदवीपर्यंत देते.

मर्यादाही आहेत. हा पास आरक्षित डब्यांत चालत नाही; म्हणून 30 डिसेंबर 2023 रोजी जालन्याहून मुंबईसाठी सुरू झालेली वंदे भारत रोजच्या विद्यार्थ्याच्या उपयोगाची नाही. परभणी ते छत्रपती संभाजीनगर या 177 किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2025 मध्ये मंजुरी दिली. एकेरी मार्गावर गाड्यांना एकमेकींसाठी थांबावे लागते. काम पूर्ण झाल्यावर हा खोळंबा कमी व्हावा.

तिसरे साधन घरची दुचाकी. येथे हिशेब आणि कायदा दोन्ही आडवे येतात. समजा महाविद्यालय 15 किलोमीटरवर आहे आणि महिन्याचे 24 दिवस जायचे आहे. अंतर 720 किलोमीटर झाले. लिटरला 45 किलोमीटर धरले तरी 16 लिटर पेट्रोल लागते. शंभर रुपये दर धरला तरी 1,600 रुपये. देखभाल, विमा आणि झीज वेगळीच.

कायदा याहून कठोर आहे. अकरावी-बारावीचे मूल सोळा-सतरा वर्षांचे असते. या वयात 50 सीसीच्या आतील विनागिअर दुचाकीचाच परवाना मिळतो. नेहमीच्या स्कूटीसाठी 18 वर्षे पूर्ण लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. गाडी पेढीच्या नावावर असेल, तर प्रकरण पेढीपर्यंत येते. अपघाताची भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. पण पैशाने भरून न येणारी हानी याहून मोठी. महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या आणि मालमोटारींच्या शेजारून कोवळ्या वयाचे मूल रोज जात असते.

उरतो शेवटचा टप्पा. बस स्थानकावर उतरवते, महाविद्यालय तीन-चार किलोमीटर पुढे असते आणि तेथे शेअर रिक्षा लागते. रिक्षात तीन प्रवाशांची मर्यादा असताना सात-आठ जण बसवले जातात. एकाच भागातील चार-पाच कुटुंबांनी परवानाधारक वाहन मासिक दराने ठरवले, तर खर्च विभागला जातो आणि चालकही ओळखीचा राहतो.

ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे, तेथे परतीची वेळ विशेष महत्त्वाची. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटचे प्रात्यक्षिक पाचला संपत असेल, तर डबा दोन वेळचा द्यावा लागेल, हे आधीच ठरलेले बरे.

प्रवेश अर्जावर सही करण्यापूर्वी पालकांनी कामकाजाच्या एखाद्या दिवशी तो प्रवास बस किंवा रेल्वेनेच स्वतः करून पाहावा: घरातून निघण्याची वेळ, गाडीतील गर्दी, थांब्यावरील प्रतीक्षा, परतीची शेवटची गाडी. वेळ जुळत नसेल, तर पालकांनी एकत्रितपणे, प्राचार्यांच्या पत्रासह, आगार व्यवस्थापकांकडे फेरीची वेळ बदलण्याची लेखी मागणी करावी. ती जूनमध्येच करावी. तासिका सुरू होऊन मुले गैरहजर राहू लागल्यावर नव्हे.